हळदीच्या गोदामातला अल्बम

"कुणी बाहेर जायचं नाही! आधी माझी हार्ड डिस्क द्या!" स्वानंदीने आतून कडी घातली.

सांगलीच्या हळद-बाजारातलं ते बिनखिडकीचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून पोत्यांच्या भिंती रचून तिने इथेच पहिला अल्बम केला होता. शब्द-चाल तिची, जॅझ, ब्लूज आणि वडूजकडच्या ओव्या यांची खिचडी, पण फक्कड जमलेली. आता डिस्क गायब, लॅपटॉपमधलंही पुसलेलं. संध्याकाळी सहापर्यंत अल्बम मुंबईच्या कंपनीला गेला नाही, तर करारानुसार पुढची पाच वर्षं मॅनेजर जयराज सांगेल त्या लग्नात गाणं तिच्या नशिबी होतं. पोरीचा जीव नुसता कोंडला होता.

कडी उघडली ती फक्त डिटेक्टिव्ह विनोदिनीबाईंसाठी. मागून त्यांचे यजमान गंगाधरराव घाम पुसत आले. हमाल गुंडाचे पिवळेधमक हात दिसताच ते कुजबुजले, "अगं, हाच!"

"आवं सायेब, हमालाचं हात रोजच पिवळं! आमी काय गाणी चोरनार?" गुंडा वैतागला.

गिटारवाला सिद्धू तर उसळलाच. "भांडलो तिच्याशी, हो! एका गाण्यातला माझा गिटारचा तुकडा कापला तिने. पण उरलेल्या गाण्यांत माझीच गिटार आहे. मीच माझ्या पायावर धोंडा मारू?"

जयराज शांत होता. "मी सकाळभर गाडीत फोनवर. पोत्यांना बोटही लावलेलं नाही."

"बाहीवर लाल काय?" बाईंनी विचारलं.

"पान सांडलं. साबणाने घासघास घासलं, जाईना."

स्वानंदीच्या घशासाठी ठेवलेलं लिंबू बाईंनी उचललं आणि त्या डागावर पिळलं. डाग पिवळा झाला.

"अरेच्चा!" गंगाधरराव म्हणाले.

"हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि लिंबाने पुन्हा पिवळी. पानाचा डाग असा पिवळा होत नाही. जन्मात धुणं केलं नाहीत, जयराज, तिथेच फसलात. गुंडाने हात धुतले नाहीत, कारण त्याला लपवायचं काही नव्हतं. पोत्यांना न शिवणाऱ्याच्या बाहीवर मात्र हळद! डिस्क कुठल्या पोत्यात खुपसलीत?"

जयराजची नजर माइकमागच्या पोत्याकडे गेली. गुंडाने ते उसवलं. डिस्क निघाली.

"पण तुमच्याच गायिकेचा अल्बम का बुडवायचा?" गंगाधररावांना कळेना.

"काल ऐकला मी तो," जयराज खाली बघत म्हणाला. "पडणारा असता तर हातही लावला नसता. हा बाहेर आला की ही माझ्या स्टेजवर कशाला उभी राहील?"

डिस्क छातीशी धरून स्वानंदी मटकन बसली आणि रडायलाच लागली.

"तुझं कोण ऐकणार, म्हणून रोज हिणवायचात मला. आणि मी ते खरं मानत होते हो!"