फटफटी डावीकडे कलते

मेथीच्या जुड्या बांधून झाल्या होत्या आणि अमरावतीच्या बाजारात माल नेणारी पिकअप अजून आली नव्हती. वलगावच्या त्या मळ्यात ओल्या बारदान्यावर बसून डास मारण्यापलीकडे कोणाला काही काम नव्हतं. खुशालरावांचा पुतण्या जीवन आला आणि त्यानं आपली मोटारसायकल बांधाजवळ साइड स्टँडवर लावली. ती जरा जास्तच कलली.

"जीवन, सरळ लाव बापा थे गाडी," खुशालराव म्हणाले.

"काहून काका? पडली तं माही पडन."

"पडाचं नाई म्हनत मी. कोनाच्या वजनानं कलते, थे पाहा लागते."

जीवनची बहीण माया लगेच सरकून बसली. "खरी गोष्ट हाय का बनवलेली?"

"माह्या दोस्ताच्या पोराच्या घरची. अकोल्याची. दोन हजार अठराचा पोळा, रविवार होता त्या दिवशी. सून हाय अजून, जाऊन इचार."

तर ही त्या सुनेची गोष्ट. प्रणालीची.

तिचा नवरा गजेंद्र अकोल्याच्या जुन्या शहरात, बियाण्याच्या दुकानात नोकरीला. त्या उन्हाळ्यात तो धामणगाव रेल्वे या गावाला गेला आणि एक जुनी फटफटी घेऊन आला. काळी, जड, टाकीवर चकचकीत पट्टी. विकणारा ओमप्रकाश म्हणून कापसाचा दलाल. किल्ली द्यायला तो घराबाहेरसुद्धा आला नाही. खिडकीच्या गजातून हात काढून दिली. गजेंद्रला त्यात काही वाटलं नाही. प्रणालीला वाटलं. पण प्रणालीला कशातही काहीतरी वाटायचंच. ओजस झाल्यापासून तर ती भिंतीवरच्या घड्याळाकडेही असं बघायची, की हे पडलं तर नेमकं कुठं पडेल.

गाडीचा मेन स्टँड गंजून गळाला होता. उरला साइड स्टँड. त्यावर गाडी एवढी कलायची की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढं व्हावा. आणि अख्खं अंगण सोडून तीन वर्षांचा ओजस खेळायला बसायचा तो तिच्याच सावलीत.

"ही गाडी एक दिवस पोराच्या अंगावर येईन," प्रणाली म्हणाली.

"तुले तं छताचा पंखाही अंगावर येते," गजेंद्र म्हणाला. पण गाडी नत्थुजी मिस्त्रीकडे घेऊन गेला.

नत्थुजीनं स्टँडच्या बोल्टाचं भोक दाखवलं. घासून घासून लांबोळकं झालं होतं. त्यानं नवी बुश बसवली, स्टँडच्या पायाला लोखंडाचा जाड तुकडा वेल्डिंग केला. दुकानासमोर गाडी अशी ऐटीत उभी राहिली, जशी नवरदेवाची घोडी.

घरी आणली. अंगणात लावली. सकाळी बघतात तर डावीकडे. पहिल्याएवढीच.

फरशी उतरती असेल, म्हणून प्रणालीनं ओजसची गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्याचा संसारात एवढाच उपयोग झाला, असं तिला वाटलं. आणि उत्तर तर तरीही मिळालं नाहीच.

मग संशयाचा फेरा सुरू झाला. सासूबाई शकुनबाई हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवतात का? गजेंद्र रात्री गुपचूप जाऊन गाडीवर बसतो का? हौशी माणूस, बसेलही. गल्लीतली पोरं कवाड ढकलून येतात का? तिनं भिंतीवर हँडलच्या उंचीला खडूची रेघ मारली, कवाडाला कुलूप घातलं. सकाळी हँडल रेघेच्या खाली. शेवटी तिनं स्वतःवरही संशय घेऊन पाहिला. पण आधी झोप लागेल तर माणूस झोपेत चालेल ना!

गाडी पुन्हा नत्थुजीकडे. या खेपेला तो चिडला.

"माहं काम पक्कं हाय भाऊ. लेकराले चढू नोका देऊ गाडीवर."

"आमचा चढत नाई. त्याची आई चढू देते का!"

"मंग कोनाचा चढते?"

गजेंद्र हे हसत हसत घरी सांगत होता. प्रणाली हसली नाही.

अन् पोळा आला. पिठोरी अमावास्या. शकुनबाईंनी त्या वर्षी व्रत सुनेकडे सोपवलं. लेकरासाठी आईनं करायचं व्रत. दिवसभर उपास, दिवेलागणीला पूजा करून खीर-पुरीची थाळी खांद्यावरून मागं धरायची, आणि मागं न बघता विचारायचं, "अतीत कोण?" अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. मागं उभ्या लेकरानं "मी" म्हणायचं आणि थाळीतलं घ्यायचं. ज्यानं घेतलं त्याला उदंड आयुष्य.

"मांगं पाह्यचं नाई बरं," शकुनबाईंनी बजावलं. "अन् ज्यानं घेतलं थो आपला. मंग त्याले नाई म्हनता येत नाई."

आठवडाभर प्रणाली ओजसकडून बिस्किटावर तालीम करून घेत होती. "अतीत कोण?" की ओजस ओरडायचा, "बिस्कीट!"

संध्याकाळी बाप-लेक बैल बघायला गेले. दिवेलागणीला येतो म्हणाले. लाइट गेली होती. सासूबाई आत चुलीपाशी पुऱ्या तळत होत्या. प्रणाली अंगणात तुळशीसमोर बसली. पाठीमागं कवाड, आणि कवाडाजवळ गाडी.

वेळ टळत चालली. उपासानं डोकं गरगरत होतं. तेवढ्यात कवाड वाजलं. बारीक पावलं फरशीवर आली आणि मागं थांबली.

आले एकदाचे.

तिनं थाळी खांद्यावरून मागं धरली.

"अतीत कोण?"

काही नाही.

"सांग ना रे... अतीत कोण?"

"मी."

स्पष्ट. शहाण्यासारखं. बिस्कीट नाही, काही नाही. तिला भरून आलं. थाळी हलकी झाली. खीर ओरपल्याचा आवाज आला. लेकरू किती भुकेलं होतं!

मोबाइल वाजला. गजेंद्र.

"आता फुटला पोळा, बैलं सुटले. गर्दी हाय लय. ओजस झोपला माह्या खांद्यावर. निघतोच."

...

"हॅलो? प्रणाली?"

तिनं मोबाइल फरशीवर ठेवला.

मागं... ओरपणं थांबलं होतं.

मग पावलं. फरशीवरून. गाडीकडे.

मग लोखंड करकरलं. हळू. कोणी चढावं तसं.

तिनं मागं पाहिलं नाही. किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. तुळशीपुढचा दिवा तेवढा जळत होता. वारा नव्हता. ज्योत मात्र डावीकडे वळलेली.

"आई!"

कवाड उघडलं. ओजस जागा झाला होता, बापाच्या खांद्यावरून उतरून पळत येत होता. अंधारात. गाडीच्या अंगानं.

आता मात्र ती वळली. "थांब" म्हणायचं होतं.

म्हणता आलं नाही.

गाडी पडली.

तो आवाज तीन घरं पलीकडे गेला. शकुनबाई झारा हातात घेऊन बाहेर आल्या. गजेंद्रनं मोबाइलचा टॉर्च लावला. हँडल आपटून फरशी फुटली होती. खाली... खाली कोणी नव्हतं. ओजस पार तिकडं, तुळशीच्या पायाशी बसला होता. खरचटलंसुद्धा नाही. रडतही नव्हता.

प्रणालीनं त्याला उचललं. पाठीला हात लागला. चिकट. ओलं.

टॉर्च जवळ आणला. पोळ्याच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध, खिरीचा पंजा उमटला होता. पाच बोटं. इवलीशी.

"कोणी रे?"

"ढकललं," ओजस म्हणाला. कोणी, ते सांगेना. गाडीकडे बघत राहिला.

शकुनबाईंनी हात जोडले. "वाचवलं वं माय. खाल्ल्या अन्नाले जागलं."

"कशावरून?" प्रणाली म्हणाली. "गाडीखाली ढकलायचं असेल, अन् नेम चुकला असेल तर?"

त्याच रात्री गजेंद्रनं ओमप्रकाशला फोन लावला. "तुमची गाडी घेऊन जा," म्हणाला. मग ओमप्रकाशनं एवढंच विचारलं, "त्यानं काही खाल्लं का?"

आणि फोन ठेवला. पुन्हा कधी उचलला नाही.

खुशालराव बारदान्यावर सरकून बसले. मळ्यातला पंप कोणीतरी बंद केला होता, ते आत्ता सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"मंग गाडी?" जीवननं विचारलं.

"भंगारात. गजेंद्रनं समोर उभं राहून तोडवली."

"अन् काका, थो पंजा ओजसचाच असन," माया म्हणाली. "लेकराचे हात खरकटेच राह्यतात."

"सोताच्या पाठीवर, पोरी? अन् खीर त्यानं खाल्लीच कुठं होती?"

मायानं आपल्याच पाठीवर हात नेऊन पाहिला.

"प्रणालीनंही थेच म्हनलं," म्हातारा सावकाश म्हणाला. "तिले वाटलं, नसता संशय हाय आपला. त्या रात्रीच ओजसचा हात धरून पंजावर ठेवला. बोटाले बोट. बरोबर बसला. तिले बरं वाटलं थोडं. सदरा धुतला. डाग गेला नाई. पुन्हा धुतला, सोडा लावून. गेला नाई. फेकवत बी नव्हता. पेटीत ठेवला."

"मंग?"

"ओजस आता पाचवीत हाय. बापाच्या खांद्याले लागते. हात मोठे झाले... यंदाच्या पिठोरीले तिनं सदरा काढला. घडी मोडली. पोराचा हात धरून पुन्हा त्या पंजावर ठेवला."

खुशालरावांनी स्वतःचा तळवा बारदान्यावर टेकवला. बोटं फाकवून.

"बरोबर बसला."