रस्ता बघून आलोय

चाळीस पेट्या मधमाश्या दुपारच्या आत डोंगरामागच्या पठारावर पोचवायच्या, एवढंच काम होतं. खालच्या शेतांतली फुलं पुरात कुजून गेली होती आणि पेट्यांमध्ये चार दिवसांचाही मध उरला नव्हता. चाळीस पेट्यांना साखरेचं पाणी पाजणं परवडणारं नव्हतं. पठारावर मात्र रान फुललं होतं. माश्या तिथे पोचल्या तर जगणार, नाहीतर उपाशी मरणार, इतकं सरळ गणित होतं.

माझा दादा माश्या पाळतो. म्हणजे वहिनी पाळते, आणि दादा त्यांच्याबद्दल बोलतो. मी गॅरेजवाला. जीप माझी, मागचा ट्रेलरही माझाच. निघण्याआधी मी दादाला एकच प्रश्न विचारला.

"रस्ता बघितलास ना?"

"बघून आलोय! गेल्या आठवड्यात पायी गेलो होतो. दोन ठिकाणी चिखल आहे, बाकी कोरडं. ओढ्यावर लाकडी पूल आहे. नऊला पोचू."

ज्या चिखलात पाय घातला नाही त्यात चाक घालायचं नाही, हा ट्रेलर ओढणाऱ्याचा पहिला नियम. जीपची चाकं स्वतः जोर लावतात, ट्रेलरची नुसती फरफटत येतात आणि रुततात. म्हणून आधी उतरायचं, काठीने खोली बघायची, मग गाडी घालायची. पण दादा पायी जाऊन आला होता, मग मी कशाला उतरू? ही चूक माझी. ती मी कुणाच्या गळ्यात मारत नाही.

पहाटे वहिनीने पेट्यांची दारं जाळीने बंद केली, पट्टे आवळले आणि आम्ही निघालो. पहिल्या चिखलाआधी मी टायरमधली हवा कमी केली, गाडी खालच्या गिअरला टाकली आणि एका दमात पार झालो. दुसराही पार झाला. मग तिसरा आला. मग चौथा!

"दोन म्हणाला होतास, दादा."

"पावसाने वाढले असतील. मी काय चिखलाला पहारा देत बसलो होतो?"

पाचव्यात ट्रेलर बसला. चाकं आसापर्यंत आत गेली! मी ट्रेलर सोडला, जीप एकटीच पलीकडच्या घट्ट जमिनीवर नेली आणि जीपच्या विंचची, म्हणजे ओढायच्या चरकाची, तार सोडून ट्रेलर वीत-वीत ओढून काढला. यात एक तास गेला. तोवर ऊन चढलं होतं. बंद पेट्यांमधून असा आवाज येत होता की बोललेलं ऐकू येईना.

"तापल्यात," वहिनी म्हणाली. ती पोती भिजवून पेट्यांवर टाकत होती. "भाऊजी, इथे सावली आहे. इथेच उघडू. संध्याकाळी माश्या आत आल्या की पुढे जाऊ."

"अगं, आता फक्त ओढ्यापर्यंतचा उतार!" दादा म्हणाला. "कोरडा आहे. पुलापलीकडे अर्ध्या तासात पठार. बघून आलोय म्हणतोय ना!"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका ठाम होता की मी किल्ली फिरवली.

उतार कोरडा नव्हता. वरची पापडी वाळलेली आणि खाली नुसता लगदा! अर्ध्यावर गेल्यावर मागून धक्का बसला. ट्रेलर जीपला ढकलत होता. ब्रेक दाबला तर तो आडवा येणार, म्हणून मी हलकेच गॅस दिला. उपयोग शून्य! ट्रेलर वळला. जीप फिरली. वहिनी ओरडली, "पट्टे! पट्टे धरा!" दादाने डोळे मिटून घेतले. ट्रेलरचं एक चाक घळीत गेलं, कडाड आवाज झाला आणि सगळं थांबलं. ओढा पाच पावलांवर होता. पट्टे शाबूत होते.

मी उतरून पुढे पाहिलं. पूल नव्हता. दोन कुजके खांब होते, आणि पूल जिथे असायला हवा तिथे मनगटाएवढ्या खोडाचं झाड उभं होतं. असं झाड एका आठवड्यात उगवत नाही.

"दादा," मी विचारलं, "तू कधी आला होतास इथे?"

तो बुटांकडे बघत राहिला. "एका लाकूडवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला, पूल आहे."

मला त्याला ओढ्यात बुचकळावंसं वाटलं. सख्ख्या भावाविषयी असं वाटणं वाईट आहे, पण वाटलं.

वहिनी मात्र एकेका पेटीला कान लावत होती. सातव्या पेटीपाशी थांबली. "हिचा आवाज बसला."

आणि तिने जाळ्या काढायला घेतल्या.

"उघडू नकोस!" दादा धावला. "आता संध्याकाळपर्यंत बंद करता येणार नाहीत. पठार राहिलं मग! ओढा पाण्यातूनच पार करू! एवढ्या जवळ येऊन..."

"अहो, पठारावर मेलेल्या माश्या नेऊन काय करू?"

माश्या भसाभस बाहेर पडल्या. काही पेट्यांमधून मात्र एकही आली नाही. उघडल्या तर आत मेण वितळून चिकटलेला काळा थर. वहिनीने मोजलं. सतरा जिवंत, तेवीस गेल्या.

दुपारभर खपून मी जीप सोडवली, वळवली आणि विंच झाडाला लावून उतारावर चढवली. संध्याकाळी माश्या पेट्यांत परतल्यावर वहिनीने दारं लावली. मेलेल्या पेट्या उतरवल्यामुळे ट्रेलर हलका झाला होता. त्याची दांडी आम्ही हाताने फिरवली, तार जोडली. पण चाकांखाली घालायला फळ्या नव्हत्या.

दादा न सांगता उठला. त्या तेवीस पेट्यांची झाकणं त्याने स्वतः रंधा मारून केली होती. ती त्याने एकेक करून आणली आणि गुडघे टेकून चाकांखाली सारली. तार ताणली गेली. झाकणं तडातड मोडली. ट्रेलर वर आला!

येताना प्रत्येक चिखलाआधी दादा काठी घेऊन आधी उतरला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सतरा पेट्यांना साखरेचं पाणी घालत होती. शेजारच्या गावचा एक माशीवाला फाटकाशी आला. "पठारावर जावं म्हणतोय. रस्ता कसा आहे हो?"

दादा वाचलेल्या झाकणांवरचा चिखल खरवडत होता. त्याचा हात थांबला.

"बघून आलोय," तो म्हणाला. "जाऊ नका."

माशीवाल्याला दादाची ख्याती ठाऊक होती. त्याने विश्वास न बसून वहिनीकडे पाहिलं.

"ऐका त्यांचं," वहिनी वर न बघता म्हणाली. "या वेळी खरंच बघून आलेत."