धांदरट घराणं

पाठकण्याचा प्लास्टिकचा नमुना विसरून आलेला इंजिनीअर मी पहिल्यांदाच पाहिला! हाडांची घनता मोजणारं आमचं यंत्र दुरुस्त झालं की आधी त्या नमुन्यावर तपासायचं, मगच पेशंट घ्यायचा. हे महाशय मात्र कपाळावर हात मारून म्हणाले, "मॅडम... मीच झोपतो."

"बेल्ट काढावा लागेल," मी म्हटलं.

त्याच्या कानाच्या पाळ्या लालेलाल! एवढा उंचापुरा गडी, यंत्राशी तासन्‌तास बोलेल, पण माझ्याकडे बघितलं की हातातला स्क्रू पडायचा. मला आवडायचं ते... खोटं कशाला बोलू?

"हलू नका. श्वास घेतला तरी चालेल हं."

तो हसला. यंत्राचा दांडा त्याच्या कमरेवरून सरकत गेला, पडद्यावर आकडे आले... आणि माझं हसू तिथल्या तिथे विरलं. माणूस तिशीचा, आणि आकडा सत्तरीच्या म्हातारीचा!

"माझंच काहीतरी चुकलं," तो म्हणाला. पुन्हा झाकण उघडलं, तारा तपासल्या, पुन्हा झोपला. आकडा तोच. शेवटी मी स्वतः झोपले. माझी हाडं ठणठणीत निघाली.

म्हणजे यंत्र बरोबर होतं.

"घरात कुणाचं हाड मोडलंय?" मी हळूच विचारलं.

"बाबांचं मनगट – खिडकी ओढताना. आत्याचा खुबा... ताईची तर खोकून बरगडी मोडली! आम्ही हसायचो हो. धांदरट घराणं म्हणायचो स्वतःला."

"धांदरट नाही. बहुतेक रक्तातूनच आलंय हे. नक्की काय ते डॉक्टर सांगतील. उपचार असतात यावर..."

तो मटकन खुर्चीत बसला. "एक सांगू? गेल्या महिन्यात तुमचं यंत्र बिघडलंच नव्हतं. मी आपला... उगाच आलो होतो. आज विचारणार होतो तुम्हाला. आता नाही विचारत. उद्या मुलं झाली, त्यांचीही हाडं अशीच –"

असा राग आला मला! "प्रश्न विचारायच्या आधीच माझं उत्तर तुम्ही ठरवून मोकळे? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडाळपणा आहे. तो चालेल का, विचारलं मी?"

तो उठून आपला बेल्ट शोधायला लागला.

"आधी ताईंना फोन लावा. त्यांचीही तपासणी करायला हवी."

त्यानं नंबर लावला, पण फोन मीच घेतला, स्पीकर लावला. ताई उचलल्या उचलल्या ओरडल्या, "काय रे, विचारलंस का तिला? काय म्हणाली?"

मी हादरलेच. म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं! त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

"ताई, मीच बोलतेय," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं नाही अजून. पण माझं हो आहे. तुम्ही उद्या तपासणीला या, आणि बाबांनाही सांभाळून घेऊन या."