ओंडक्यातली करकर

"आणखी एक गेली!" जियाने सातवी डबी टेबलावर ठेवली. "कालपासून ही तिसरी!"

शेजारची निकिता आणि तिचा धाकटा भाऊ रजत लगेच पुढे वाकले. टेबलावर नऊ पारदर्शक डब्या होत्या. प्रत्येकीत थोडा लाकडाचा भुसा आणि अंगठ्याएवढी एक पांढरी अळी. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या त्या! जियाची मोठी बहीण गझालाआपा अमरावतीला त्यांच्यावर संशोधन करत होती. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद आणि ती बाहेरगावी, म्हणून दहा दिवस अळ्या सांभाळायचं काम तिने जियावर सोपवलं होतं, आणि जियाने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "एकही मरणार नाही!"

आज संध्याकाळी पाचच्या यवतमाळ बसने आपा दिग्रसला परत येणार होती. तिचं दोन वर्षांचं काम या डब्यांत होतं.

"उपाशी आहेत का?" रजतने विचारलं. त्याला सगळ्या संकटांचं कारण भूकच वाटायची.

"भुसा तर भरपूर आहे. पण खाऊन नाही राह्यल्या त्या!"

निकिता मात्र डबीकडे टक लावून बघत होती. "जिया, परवा हा भुसा तपकिरी होता न? ओलसर, गचगचीत? हा तर पिठासारखा कोरा आहे!"

जियाने डबी नाकाशी नेली. फिनाईलचा वास! झाकणावर काळ्या ग्रीसचा एक ठसठशीत अंगठा उमटला होता.

तिने घाईघाईने आपाची वही उघडली. पहिल्याच पानावर, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'डब्या साफ करायच्या नाहीत. जुना भुसा टाकायचा नाही.'

"काहून असं?" रजत म्हणाला.

"कारण अळी लाकूड नुसतं चावते. ते पचवतात तिच्या पोटातले जिवाणू," जिया आठवून आठवून बोलू लागली. "अळी कात टाकते तेव्हा बरेचदा जिवाणूही निघून जातात. मग ती जुना भुसा खाते. त्यात तिची विष्ठा असते, म्हणजे जिवाणूही असतात. ते पोटात गेले की पुन्हा पचायला लागतं."

निकिताने डबीच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे पातळ, सुरकुतलेली कात पडली होती. "हिने कात टाकली, अन् जुना भुसाच गायब!"

"अन् ग्रीसचा अंगठा कोणाचा, हे मले माहीत आहे," जिया म्हणाली आणि तिघंही धावत सुटली.

नजीरमामूचं गॅरेज घराला लागूनच होतं. मामू एका टेम्पोच्या इंजिनाला लांब पेचकसाचं टोक लावून, त्याची मूठ कानाशी धरून उभा होता. कोणतं बेअरिंग गेलंय, हे तो असंच ओळखायचा.

"मामू, डब्या तुम्ही साफ केल्या?"

"मग काय!" मामू खूश झाला. "किती घाण होती बेटा! अळ्या चिमट्यानं बाजूले काढल्या, कंप्रेसरची हवा मारली, फिनाईलनं पुसलं, देवीलालच्या आरा गिरणीतला कोरा भुसा भरला. गाडी असो का डबी, सर्व्हिसिंग एकसारखी!"

"मामू, त्यानंच अळ्या मरून राह्यल्या!"

मामूच्या हातातला पेचकस खाली आला.

"आपाचा मोठा ओंडका कुठंय?" जियाने विचारलं. अळ्या त्याच ओंडक्यातून काढल्या होत्या. आत अजूनही काही होत्या आणि त्यांच्याभोवती होता जुना भुसा!

"तो किडका ओंडका?" मामूचा चेहरा उतरला. "सकाळीच इम्तियाज बावर्ची येऊन घेऊन गेला. आज दुपारी वलीमा आहे न, लग्नाचं जेवण. त्याले जळण कमी पडत होतं."

"जळण!" तिघंही एकदम ओरडली.

"त्यावर आपानं खडूनं नंबर टाकला आहे," निकिता म्हणाली. "ओळखू येईल!"

मामूने मान खाली घातली. "त्याच्यावरही हवा मारली होती मी, खडू उडून गेला. अन् तिथं सगळे ओंडके आंब्याचेच आहेत. ओळखाल कसे?"

जियाने त्याच्या हातातला पेचकस ओढून घेतला.

रस्त्यावर जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तिघांच्या सायकली त्यांच्यामधून वाट काढत निघाल्या. जियाला समोर फक्त धूर दिसत होता. वलीम्याच्या मैदानाच्या टोकाला हंड्यांएवढ्या तीन देगी चुलाणांवर चढल्या होत्या!

"दूर व्हा रे पोट्टेहो! भाजान!" इम्तियाजचाचा हातातला झारा उगारून ओरडला.

"चाचा, आमचा एक ओंडका—"

"दोनशे माणूस जेवायचं आहे! ओंडका गिंडका काही भेटणार नाही!"

त्याने एक जाड लाकूड उचललं आणि चुलीत सरकवलं. ठिणग्या उडाल्या. तेच असेल तर?

निकिता हळूच म्हणाली, "रजत, चाचाले गुंतव."

रजत देगीपाशी गेला. त्याने मोठ्ठा श्वास घेतला आणि नाक मुरडलं. "चाचा, मीठ कमी वाटून राह्यलं."

"काय?" चाचा गर्रकन वळला. "तीस वर्षं झाली मले! वासावरून मीठ सांगतो तू?"

"आमच्या घरी सगळे म्हणतात, माझं नाक लई तेज आहे!"

चाचा तावातावाने रस्सा वाटीत काढू लागला. तेवढ्यात जिया ढिगाऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली. पेचकसाचं टोक लाकडावर, मूठ कानाशी. रोज दुपारी ती त्या ओंडक्याला कान लावायची. आतला आवाज तिला पाठ होता.

पहिला ओंडका. काही नाही. दुसरा. मांडवातल्या जनरेटरची नुसती घरघर. तिसरा, चौथा, पाचवा... घाम डोळ्यांत उतरला. आठवा, नववा. सगळे मुके!

"संपले," ती पुटपुटली.

"तो राहिला!" निकिताने बोट दाखवलं. शेवटच्या चुलाणात एक ओंडका अर्धा आत, अर्धा बाहेर होता. त्याचं टोक काळं पडू लागलं होतं.

जियाने तिकडे उडी घेतली. धग तोंडावर आली. तिने हात लांब करून पेचकस टेकवला आणि श्वास रोखला.

कर्र... कर्र... कर्र.

"हाच! जिवंत आहेत!" दोघींनी बाहेरचं टोक धरून ओंडका ओढला. निकिताने शेजारची पाण्याची बादली त्यावर ओतली. फस्सकन वाफ उठली.

"ए!" चाचा धावत आला. "माझा जाळ काहून इझवला? ठेव तो आत!"

जिया ओंडक्यासमोर उभी राहिली. "चाचा, यात अंगठ्याएवढ्या अळ्या आहेत. धग लागली तर त्या बाहेर येऊ शकतात. अन् तुमच्या देगीचं झाकण उघडं आहे."

चाचाने देगीकडे पाहिलं. ओंडक्याकडे पाहिलं. ओंडक्याच्या एका भोकातून तपकिरी भुसा भुरभुर खाली पडला.

"उचला!" तो किंचाळला. "आत्ताच्या आत्ता उचला! अन् कोणाले सांगू नका!"

गॅरेजमध्ये मामूने स्वतः छिन्नी घेतली. एवढ्या हलक्या हाताने काम करताना जियाने त्याला कधीच पाहिलं नव्हतं. लाकूड दुभंगलं. आत दोन गुबगुबीत अळ्या वळवळत होत्या आणि भोवती ओला, गचगचीत भुसा! जियाने जिवंत अळ्या बाजूला काढून त्यांच्या सहाही डब्या गरम पाण्याने धुऊन वाळवल्या आणि प्रत्येकीत चमचा चमचा जुना भुसा घातला.

पाच वाजता आपा आली. जियाने काहीही न लपवता सगळं सांगितलं. मेलेल्या तीन अळ्याही दाखवल्या. मामू दारात अपराध्यासारखा उभा होता.

आपाने एकेक डबी उजेडात धरून पाहिली. मग तिने वही उघडली. "तारीख, वेळ, कोणत्या डबीत किती भुसा. सगळं लिही. आता वाट बघायची."

दुसऱ्या दिवशी काहीच घडलं नाही. एक अळी मेली. जियाला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या सकाळी तिने चौथ्या डबीला पेचकस टेकवला आणि ती तशीच थिजली. मग तिने मूठ मामूच्या कानाशी धरली.

मामूने डोळे मिटले. हळूहळू त्याच्या मिशीखाली हसू फुटलं.

"इंजिन चालू आहे!"

पाचपैकी चार डब्यांत करकर ऐकू येत होती.

"जिवाणूंमुळेच झालं, असं मी एवढ्यात म्हणणार नाही," आपा म्हणाली. "ते सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागेल. पण तुम्ही तिघं नसता, तर बघायलाही काही उरलं नसतं. माझ्या कॉलेजातही इतकं नीट ऐकणारे कमीच आहेत!"

"अन् मीठ?" रजतने विचारलं. "मिठाचं कोणीच नाही बोलून राह्यलं!"

मामूने लांब पेचकस स्वच्छ पुसला आणि जियाच्या हातात ठेवला. "हा तुझा. अन् डब्यांकडे आता मी फिरकणारही नाही."

"फिरका मामू," जिया म्हणाली, "फक्त फिनाईल गॅरेजातच ठेवून या!"