अर्थिंगचं पाणी

बसा. वीज काही इतक्यात येत नाही. तोवर आश्रुबाची गोष्ट सांगतो. केजच्या टेलिफोन कचेरीत आम्ही एकत्र होतो, तो लाइनमन आणि मी तक्रारीच्या फोनवर. कामाच्या थापा सोडल्या, तर हा माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

तारीख एकोणतीस मे दोन हजार नऊ, वार शुक्रवार. संध्याकाळी साडेसातला आश्रुबा पकड, टेस्टर आणि वायरचं भेंडोळं पिशवीत घालून मन्मथप्पांच्या घरी निघाला. मन्मथप्पांचं बाजारात कापडाचं दुकान. मुलगा केदारनाथ अमेरिकेत. त्याच्यासाठीच घरात कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा मॉडेम आला होता. रोज रात्री नऊला तो पडद्यावर दिसायचा आणि त्याची आई शांतादेवी पदर सारखा करून समोर स्टुलावर बसायची.

मेच्या सुरुवातीला तो मॉडेम बंद पडला. शांतादेवी काकूंनी स्वतः कचेरीत फोन केला. एकदा नव्हे, तीनदा. आश्रुबा तेव्हा मतमोजणीच्या लाइनी ओढण्यात गळ्यापर्यंत बुडालेला. तिसऱ्यांदा वैतागून त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि आम्ही लोक गिऱ्हाईक टाळायला जे सांगतो, तेच सांगितलं.

"काकू, अर्थिंग वाळलं असंल. रोज सांजच्याला खड्ड्यात कळशीभर पाणी घाला. होतंय चालू."

अर्थिंग म्हणजे विजेसाठी अंगणात खड्डा करून पुरलेली तार. तिला ओल लागते, हे खरं. पण त्या मॉडेमचा आणि पाण्याचा काही संबंध नव्हता. आश्रुबाला ते पक्कं माहीत होतं.

काकूंना कुठून माहीत असणार? उन्हाळा असा की टँकर आठ दिवसांनी यायचा. त्या मोजक्या पाण्यातली कळशी ती बाई रोज खड्ड्यात ओतायची आणि आत येऊन मॉडेमच्या दिव्यांकडे बघत बसायची. छातीचं दुखणं जुनं. सोळा तारखेला दिवेलागणीला भरली कळशी घेऊन गेली, ती खड्ड्यापाशीच कोसळली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे मळ्यात समाधी दिली तेव्हा केदारनाथ नव्हता. त्याचे कागद तिकडच्या कचेरीत अडकले होते. शेवटच्या दिवसांत आईला लेकाचं तोंड दिसलं नाही, ते नाहीच.

तेरा दिवस आश्रुबाचे पाय त्या गल्लीकडे वळले नाहीत. शेवटी मन्मथप्पाच कचेरीत आले.

"पोरगं म्हनतंय, आईची खोली दाखवा. आज तरी या."

'आज तरी' हे दोन शब्द आश्रुबाला फार लागले.

आधी तो दारासमोरच्या खांबावर चढला. जोड गंजला होता. कापून नवा बांधला. पाच मिनिटं लागली... पाचच. खाली उतरला तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली.

पण मॉडेम काही बधेना. पहिले दोन दिवे लागले, तिसरा नुसता लुकलुकत राहिला. तो स्थिर झाल्याशिवाय काही उपयोग नाही. आश्रुबाने मागच्या भोकात टाचणी खुपसली, दहा आकडे मोजले. बंद करून चालू केला. घरातली वायर बदलली. भिंतीवरची फोनची डबी बदलली. मन्मथप्पा काळ्या पडद्यासमोर बसून होते. कपाळावर विभूती, शेजारी काकूंचं स्टूल. ते कुणी हलवलं नव्हतं.

"हुईल ना?"

"हुईल, अप्पा."

नऊला पाच कमी. दिवा लुकलुकतोच आहे.

आणि अंगणात आवाज झाला. कळशी दगडावर टेकल्याचा.

मग पाणी... हळूहळू ओतल्याचं.

"अप्पा... भाईर कोन हाय?"

"कोन न्हाई. मी एकलाच असतो."

पाण्याचा आवाज थांबला. तिसरा दिवा स्थिर झाला.

पडद्यावर केदारनाथ आला. "अप्पा," म्हणाला. त्याची नजर बापावरून सरकली. शेजारच्या स्टुलावर गेली. तिथेच राहिली.

आश्रुबाने स्टुलाकडे पाहिलं. काही नव्हतं.

"आई..." पोरगा हुंदके देत होता. "मला येता आलं न्हाई गं..."

मन्मथप्पांनी मान वळवली नाही. हळूच विचारलं, "दिसती का रे?"

केदारनाथने होकाराची मान हलवली.

"बघ मग. पोटभर बघ."

तो बघत राहिला. सात मिनिटं. मग दिवा विझला.

आश्रुबा बॅटरी घेऊन अंगणात आला. फरशी कोरडी ठणठणीत. पावलाचा एक ओला ठसा नाही. हौदात थेंब नाही, टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. कळशी काकू गेल्या त्या दिवसापासून चुलीशेजारी पालथी होती, तिच्यावर धूळ. पण खड्डा काठोकाठ भरला होता.

मन्मथप्पा मागे येऊन उभे राहिले. आवाजात राग नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं.

"तुमीच सांगितलंतं न्हवं तिला? पानी घाला म्हनून."

आश्रुबा तिथेच गुडघ्यावर बसला. नुसता रडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा गेला, भर उन्हात. खड्डा आटून भेगाळला होता. काठावरच्या दगडावर मात्र कळशीच्या बुडाचा गोल ठसा होता. आश्रुबाने बोट लावून पाहिलं.

ओला होता.