सोबतीचं मॉड्यूल

अमरावतीला राजापेठेत एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली पेन्शनवाल्यांची रांग, वर आम्ही. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्यातलं माझं काम कुणाला सांगून समजत नाही, म्हणून मी सांगतही नाही. आई शेजारणींना सांगायची, "गौरांग कॉम्प्युटरचं सामान जुळवतो." याहून बरं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

कारण काम खरंच तेवढं आहे. आमचं सॉफ्टवेअर सुट्या तुकड्यांचं असतं, त्यांना मॉड्यूल म्हणतात. खाटांचं वेगळं, औषधांचं वेगळं, बिलाचं वेगळं. प्रत्येक मॉड्यूल सांगत येतं, की मी हे देतो आणि मला हे लागतं. बिल्ड टूल नावाचा प्रोग्राम ते सगळं आमच्या भांडारातून गोळा करतो, जुळवतो आणि दवाखान्याच्या सर्व्हरसाठी एक गठ्ठा बांधून देतो. लग्नातला आचारी सामान पुरं असल्याशिवाय भट्टी पेटवत नाही, तसा हा एक वस्तू कमी असली की अडून बसतो. मला त्याचा हा हटवादीपणा आवडायचा. माणसांकडून इतक्या सरळपणाची अपेक्षा मी केव्हाच सोडली होती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यानं अट घातली. ज्या मॉड्यूलचा मूळ कोड आमच्याजवळ नाही, ते त्यांच्या सर्व्हरवर नको. मी शोधलं तर असं एकच निघालं. खाटांच्या मॉड्यूलला धोक्याच्या घंटीचं मॉड्यूल लागत होतं, घंटीला आणखी एक, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी हे. त्याचं नाव होतं 'सोबत'. आमच्यापैकी कुणी ते लिहिलं नव्हतं. नोकरी सोडून पुण्या-हैदराबादेला गेलेल्यांनाही मी फोन केले. ते भांडारात पहिल्यापासून आहे, एवढंच सगळे सांगत होते.

माझ्या शेजारी किशोर बसतो. मूळचा नांदगाव खंडेश्वरचा, घरी काळी जमीन, आणि तोंडानं फटकळ. त्यानं ते मॉड्यूल आतून उघडून पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"याच्यात काहीच नाही भाऊ," तो म्हणाला. "खाटेचा नंबर द्या, तिथं कोनी सोबत हाय का ते सांगते. कोनताही नंबर द्या, 'हो'च म्हणते."

"पण बघतं कुठं? कॅमेरा, सेन्सर, काहीतरी?"

"कुठंच नाही."

आयसीयूतल्या प्रत्येक खाटेजवळ मॉनिटरचा एक पडदा असतो. त्यावर नाडी, श्वास आणि रक्तदाबाच्या खाली कोपऱ्यात 'सोबत: हो' अशी बारीक हिरवी ओळ यायची. ती कशासाठी आहे हे तिथल्या नर्सनाही माहीत नव्हतं. मी मग आमच्या धंद्यात कुणीही केलं असतं तेच केलं. त्याच नावाचं पोकळ मॉड्यूल लिहिलं. काहीही विचारा, ते 'हो' म्हणणार. जुनं वगळलं, नवं जोडलं. बिल्ड, म्हणजे गठ्ठ्याची बांधणी, पास झालं, सगळ्या चाचण्या पास झाल्या. फरक फक्त एक पडला. जुनं मॉड्यूल उत्तर द्यायला किंचित वेळ लावायचं; माझं ताबडतोब द्यायचं. सर्व्हर थोडा वेगवान झाला म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली.

नवा गठ्ठा दवाखान्यात बसवायचा दिवस ठरला होता. त्याच्या आधीच आईला न्यूमोनिया झाला आणि इशितानं तिला त्याच दवाखान्यात नेलं. इशिता माझी धाकटी बहीण, अकोल्यात कॉलेजला शिकवते. जठारपेठेतल्या घरात त्या दोघीच राहायच्या. आईला आयसीयूत ठेवलं. नातेवाइकांना सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडायचे, बाकी वेळ बाहेरच्या बाकावर.

आई कधी कशाला भ्याली नाही, एकटेपणाला सोडून. बाबा झोपेत गेले होते आणि सकाळी चहा घेऊन गेल्यावर तिला कळलं होतं. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं: मी जाताना माझ्याजवळ कुणीतरी असावं. हे ती भाजी निवडतानासुद्धा सहज बोलून जायची आणि आम्ही तिला गप्प करायचो. आयसीयूच्या दारावर भेटीच्या वेळांचा बोर्ड होता, तो मी दोनदा वाचला.

पण आई आत चक्क निवांत होती.

"तू कशाला उन्हाचा येऊन राहिलास अमरावतीहून?" ती मास्कखालून म्हणाली. "ती बाई बसते ना माझ्याजवळ."

मला वाटलं, एखादी नर्स असेल. नर्स नव्हती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, फारशी बोलत नाही, स्टूल ओढून बसते आणि हात हातात घेते. खाटेजवळ लोखंडी स्टूल होतं खरं, पण त्यावर औषधांचा ट्रे ठेवलेला होता. डॉक्टर म्हणाले की आयसीयूत असे भास होतात, ऑक्सिजन कमी पडला की हमखास. मला ते पटलं. मनातून बरंही वाटलं. भास तर भास, आईचा हात कुणीतरी धरला होता.

दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा बसवला. मीच अमरावतीहून बसवला आणि संध्याकाळी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचलो.

आईनं माझा हात असा धरला की नखं रुतली. बाई आली नाही, म्हणाली. दुपारभर वाट पाहिली, आली नाही. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती. वर पडद्यावर कोपऱ्यात हिरवी ओळ चमकत होती. सोबत: हो.

बाहेर येताना नर्सनं मला थांबवलं. हे फक्त तुमच्या आईंचंच नाही, म्हणाली, आज सगळ्याच खाटांवरचे पेशंट हाका मारून राहिले. काहींना तर शुद्धही नव्हती. सगळ्यांचं विचारणं एकच, की बाई कुठं गेली.

मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो. मी तर्कानं चालणारा माणूस आहे. ज्याला लिहिणारा नाही आणि पाहायला डोळा नाही, असं मॉड्यूल काही करू शकत नाही. पण जुनं परत जोडून पाहायला काय जात होतं? एका ओळीचं काम होतं. किशोरला फोनवर सांगता आलं असतं, पण हे असलं कारण सांगायची लाज वाटली. सकाळी आईचा श्वास आणखी वर गेला होता. तरी मी इशिताला सांगितलं की दुपारपर्यंत येतो, आणि अमरावतीची गाडी धरली.

भांडारात जुनं 'सोबत' नव्हतं.

त्याच्या जागी 'सोबत'ची नवीन आवृत्ती होती. मी ठेवली नव्हती. किशोरनंही ठेवली नव्हती, आणि आमच्या दोघांशिवाय भांडाराची किल्ली कुणाजवळ नाही. बॅकअपमध्ये पाहिलं, तिथंही नवीनच. मी ती जोडली आणि बिल्ड सुरू केलं. ते अडलं. 'सोबत'ला लागणारं एक मॉड्यूल सापडत नाही, असं टूल सांगत होतं. कोणतं, ते लिहायच्या जागी काहीच नव्हतं. कोरी जागा.

"असं कसं असन?" किशोर म्हणाला. "नाव नाही तं आनाव काय?"

मशिननं तात्पुरतं साठवून ठेवलेलं सगळं आम्ही पुसून पाहिलं. दुसऱ्या मशिनवर पाहिलं. बिल्ड दर वेळी त्याच ठिकाणी अडायचं. कुलरमधलं पाणी संपलं तरी कुणी उठलं नाही. इशिताचा फोन आला. डॉक्टर एकाला आत बसू देत आहेत, म्हणाली, तू निघ. मी म्हटलं, निघतोच. आणि पुन्हा बिल्ड लावलं.

मी हे आता लिहितो तेव्हा मला स्वतःची किळस येते. आईजवळ कुणीतरी असावं म्हणून मी अमरावतीत बसून कोरी जागा भरत होतो. त्याच वेळी गाडीत बसलो असतो तर मीच तिच्याजवळ असतो.

बिल्ड पुन्हा अडलं. मी पुन्हा लावलं.

किशोरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, तुमी जा. हे मी पायतो. माय हाय तुमची."

मी बॅग उचलली. तेवढ्यात पडद्यावरच्या ओळी पुढं सरकल्या.

आम्ही दोघांनी कशालाही हात लावला नव्हता. टूल त्या कोऱ्या जागेपाशी आलं, थांबलं नाही. तिथं एकच शब्द उमटला. सापडलं.

किशोर हसला. मीही हसलो असेन.

मग फोन वाजला. इशिता रडत नव्हती. ती खाली औषध आणायला गेली होती, तेवढ्यातच झालं, म्हणाली. वर आली तेव्हा आईची मान दाराकडे वळलेली होती.

जवळ कुणी नव्हतं.

आईचं सगळं पार पडलं. मधल्या दिवसांत किशोरनं तो गठ्ठा दवाखान्यात बसवून टाकला होता. मी त्याला बसव म्हटलं नव्हतं, बसवू नको असंही म्हटलं नव्हतं. बिल्ड पास झालं की बसवायचं, ही आमची पद्धत; मूळ कोडाची अट कुणाला आठवली नाही.

तेराव्यानंतर तिथल्या पडद्यांचं काही काम निघालं. साहेब दुसऱ्याला पाठवत होते. मीच जातो म्हटलं. भर दुपार होती, बाहेरचे बाक तापले होते. आत गारवा होता आणि कमालीची शांतता. नर्स म्हणाली, आता कुणी हाका मारत नाही.

आईच्या खाटेवर पुंजाराम नावाचे एक म्हातारे होते, बोरगावकडचे. मी पडद्याची वायर तपासायला वाकलो आणि पायात येणारं स्टूल बाजूला सरकवायला हात घातला.

"हळू," ते म्हणाले. "बाई बसली हाय."

स्टूल रिकामं होतं.

मी विचारलं, हिरव्या लुगड्यातली का?

"नाई. शिकलेली दिसते. दवाखान्याचाच झगा हाय आंगात." ते स्टुलाकडे पाहत होते, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं. "चांगली हाय बिचारी. माह्या हात धरून बसते. पन तिच्याच हातात सलाईनची सुई रायली, डाव्या. कोनाले तरी काढाले सांगा न भाऊ."

मी वायर सोडली.

आईला घरी आणलं तेव्हा ती सुई तिच्या डाव्या हातात तशीच होती. दवाखान्यातून काढायची राहून गेली होती. इशिताला ती काढवेना, मलाही काढवेना. आम्ही वरून पदर ओढला. हे आम्हा भावंडांशिवाय कुणाला ठाऊक नाही.

मी स्टुलाजवळ खाली बसलो. त्यावर हात ठेवला. थंड लोखंड लागलं, बाकी काही नाही. मी हळूच 'आई' म्हणालो.

पुंजारामांनी थोडा वेळ कान दिला. मग माझ्याकडे वळून, समजूत घालावी तसं म्हणाले:

"राहू द्या भाऊ. ती कोनाले हात लावू देत नाही. म्हनते, पोरगा निंगाला अमरावतीहून, तो आला का तोच काढीन."