गोलकाभोवतीचे मान्यवर

विश्वातील सर्व आकारांत गोल हा सर्वांत न्यायी आकार होय. त्याच्यापाशी पुढचे-मागचे, वरचे-खालचे असा भेद नाही. डॉ. इंदुमती रेगे यांनी हयातभर गोलांचीच समीकरणे सोडवली, त्याचे कारण मात्र वेगळे होते. गोलात फक्त केंद्रापासूनचे अंतर धरावे लागते. काम कमी होते.

एव्हाना तालुक्यातालुक्याला गोलभट्ट्या बसू लागल्या होत्या. कलिंगडाएवढा युरेनियमचा गोलक, त्याच्या उष्णतेवर गावभर गरम पाणी. पिंपळदरीच्या गोलकाचे गणित तपासून सही करायला रेगेबाई आल्या, तेव्हा भट्टी मंडळाचे संचालक बोबडे फोटोच्या चिंतेत होते.

"उद्घाटनाला ती काळी टोपी काढू, बाई. गोलक कसा चकचकीत दिसला पाहिजे. आमदारसाहेब, झेडपीवाले, सगळे भोवती उभे राहतील."

काळी टोपी म्हणजे न्यूट्रॉन गिळणारे बोरॉनचे आवरण.

"नको," रेगेबाई म्हणाल्या.

"अहो, तुमच्याच अहवालात न्यूट्रॉनांचा गुणक एकाच्या खाली आहे. म्हणजे साखळी आपोआप विझते. वाचलंय मी."

"गोलक एकटा असताना. गणितात बाहेर पोकळी धरलीय, निसटलेला न्यूट्रॉन परत येत नाही. माणूस म्हणजे बरंचसं पाणी, बोबडे. तो न्यूट्रॉनला परत आत लोटतो."

"आमदारसाहेबसुद्धा?"

"न्यूट्रॉन पक्ष बघत नाही."

बाईंनी संगणक उघडला. सर्व मान्यवरांना गणितापुरते वितळवून गोलकाभोवती सारख्या जाडीचे कवच केले. गोलाच्या गणितात ही जुनी सोय आहे. गुणक एकाच्या वर गेला. मग त्यातून सुटणाऱ्या गॅमा किरणांचा हिशेब केला. जवळची माणसे वाचत नव्हती.

तंत्रज्ञ शकील मुजावर मागे उभा होता. "मॅडम, टोपी मीच काढणार ना? मला धरलंय का यात?"

"धरलंय. सगळ्यात जवळ."

शकील दोन पावले मागे सरकला.

"सही नसेल करायची तर राहू दे," बोबडे म्हणाले. "पुण्याहून दुसरा माणूस येईल. तो करेल."

"करेल," बाई म्हणाल्या. असे दुसरे बरेच त्यांनीच शिकवले होते. त्यांनी पुन्हा गणित मांडले, या वेळी एकेक माणूस वाढवत, गुणक एकाला टेकेपर्यंत. "बरं. काढा टोपी. पण शकील धरून पाच माणसं. सहावा आला तर मी जबाबदार नाही. तसं लेखी देते."

"म्हणजे पाहुणे चारच? स्टेजवर एकेचाळीस आहेत!"

"मग चार निवडा."

बोबडे फोन घेऊन बाहेर गेले. सभापती असतील तर उपसभापती हवेत. आमदार असतील तर माजी आमदारही हवेत, नाहीतर त्यांचे कार्यकर्ते मांडव सोडणार. परत आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिकटला होता.

"कुणालाच गाळता येत नाही, बाई. टोपी राहू द्या."

शकील खुर्ची ओढून बसला. बाईंनी 'टोपीसह' असा शब्द घालून सही केली.

दुसऱ्या दिवशी फोटो सगळ्या पेपरांत आला. एकेचाळीस जण पुढे उभे आहेत. गोलक त्यांच्या मागे आहे. दिसत नाही.